स्प्रिंगची वायर आणि माझा दीर

माझ्या दिराने आजवर माझ्याकडे दोनदाच काही मागितलं आहे. पहिल्यांदा माझ्या लग्नानंतर पंधरा दिवसांनी, शर्टाचं तुटलेलं बटण लावून. दुसऱ्यांदा विमानाची वायर. बटण दोन मिनिटांत झालं. वायरीने माझं पाऊण वर्ष खाल्लं, आणि त्या पाऊण वर्षात मी त्याला मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

मोठ्याने बोलायचीही सोय नव्हती. आमच्याकडे दिराला भावोजी म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं. तो मला खुशाल ‘वहिनी, तू’ म्हणतो, आणि मी संतापाने लाल झाले तरी मला ‘अहो भावोजी, तुम्हाला काही कळतं का’ इथूनच सुरुवात करावी लागते. अहो म्हणेपर्यंत निम्मा राग सांडून जातो.

तो घाटावर, विमान चालवायला शिकवणाऱ्या एका छोट्या शाळेत कामाला आहे. दोन-चार माणसं बसतील एवढी विमानं. ती तपासायची, दुरुस्त करायची आणि ठीक आहेत म्हणून सही करायची. मेकॅनिक म्हटलेलं त्याला आवडत नाही, इंजिनियर म्हणायचं. लग्न केलं नाही. गणपतीला चार दिवस रत्नागिरीला येतो. त्यातले दोन दिवस घरातले पंखे, मिक्सर आणि नळ दुरुस्त करतो आणि उरलेले दोन दिवस आम्ही ते कसे बिघडवले ते सांगतो.

माझी मिरजोळ्याला एमआयडीसीत एक शेड आहे. मासेमारीच्या बोटींची वायरिंग आम्ही करतो. दिवे, बॅटऱ्या, वायरलेस, मासे दाखवणारं यंत्र, सगळं. आम्ही म्हणजे मी आणि एक मावशी. मावशी पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहेत आणि त्यांच्यासारखा वायरीच्या जोडाला डाख देणारा हात मी दुसरा पाहिलेला नाही. नवरा मुंबईला नोकरीत, महिन्यातून दोनदा येतो. घरी मी आणि सासूबाई.

एप्रिलातल्या एका दुपारी दिराचा फोन आला. ख्यालीखुशाली काही नाही.

“वहिनी, बोटीवरच्या वायरलेसच्या माइकला ती स्प्रिंगची वायर असते ना? ओढली की लांबते, सोडली की परत येते?”

“असते.”

“तसली एक करशील? विमानाच्या हँडलवर बोलायचं बटण असतं, तिथून पॅनलपर्यंत लागते. बाहेरच्या देशातून मागवली तर सोन्याची असल्यासारखा भाव सांगतात, आणि वर चार महिने थांबा म्हणतात.”

“करेन की,” मी म्हटलं.

इथेच चुकलं. बोटींसाठी आम्ही ती वायर करत नाही. तयार आणतो आणि टोकांना प्लग लावतो. पण इतक्या वर्षांत त्याने माझ्या कामाबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं, आणि मला नाही म्हणवेना. म्हटलं, आपल्याकडची एक तयार वायर पाठवून देऊ, त्याला काय कळतंय.

त्याला सगळं कळत होतं. वायर पोचली त्याच दिवशी मेसेज आला: “ही ट्रकची आहे.” पाठोपाठ कुरिअरने एक पाकीट आलं. त्यात जुनी, चिरा पडलेली, तीन ठिकाणी काळी टेप गुंडाळलेली वायर, आणि एका कागदावर पट्टी लावून काढलेली आकृती. वेटोळ्याची जाडी किती, वेटोळी किती, दोन्हीकडे सरळ भाग किती, ताणल्यावर लांबी किती. खाली अधोरेखित करून लिहिलेलं: सोडल्यावर मूळ लांबीवर आली पाहिजे. लोंबता कामा नये.

मी ठरवलं, करूनच दाखवू. अवघड काय आहे? सळईला वायर घट्ट गुंडाळायची, टोकं बांधायची, तापवायची, थंड करायची, काढायची. इंटरनेटवर एक माणूस हे सगळं हसत हसत पाच मिनिटांत करून दाखवत होता.

शेडमधली नेहमीची बारीक वायर मी सळईला गुंडाळली आणि घरी आणून केकच्या ओव्हनमध्ये ठेवली. दहा मिनिटांत घरभर असा वास सुटला की सासूबाई देवघरातून पदर नाकाला लावून बाहेर आल्या.

“काय जाळतेस गो?”

“जाळत नाही, भाजतेय. भावोजींची वायर.”

“त्याने आता वायर खायला मागितलीन की काय?”

ओव्हन आठवडाभर धुतला तरी वास गेला नाही, आणि वायर तर त्याहून वाईट निघाली. सळईवरून काढली तेव्हा छान वेटोळी होती. खिळ्याला टांगून ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी बघते तर शिरवाळ्याच्या ओल्या शेवयांसारखी लोळागोळा होऊन खाली आलेली. फोटो पाठवला. उत्तर आलं: “कव्हर चुकीचं आहे. पीव्हीसी चालणार नाही. पॉलियुरेथेन बघ.” एवढंच. ‘बरं झालं प्रयत्न केलास’ वगैरे काही नाही.

पॉलियुरेथेनचं कव्हर असलेली केबल मिळते, पण शंभर मीटरच्या बंडलात. मुंबईच्या एका व्यापाऱ्याला फोन करून मी तीन मीटर मागितली. तो म्हणाला, “मॅडम, साडीला फॉल लावताय काय?” दुसऱ्याने नमुना पाठवतो म्हणून दीड महिना टांगून ठेवलं. शेवटी एका कारखान्यात जुन्या मशीनच्या सेन्सरच्या केबली काढून टाकल्या होत्या, त्या ढिगात मला हवी ती सापडली. बारीक, मऊ, आत केसासारख्या तारा. भर पावसात छत्री मानेत धरून मी तो ढीग उपसला, आणि उपसताना मनात एकच, की हा माणूस घाटावर कोरड्या जागी बसून मला ‘बघ’ म्हणतो.

आता तापवायची कशात? घरचा ओव्हन सासूबाईंनी बंद केला होता. जवळच्या काजूच्या कारखान्यात गर सुकवायची भट्टी आहे. तिथल्या बाईंनी ओळखीखातर एका कोपऱ्यात सळई ठेवू दिली. पण काजू सुकायला लागते तेवढ्या उष्णतेने या केबलला काहीच झालं नाही. जशी आत गेली तशी बाहेर आली, वर काजूचा वास घेऊन.

आमच्या शेडच्या मागच्या गल्लीत एक चाचा मोटारी भरून देतात. जळलेल्या पंपाच्या मोटारीत नवीन तार भरायची, वार्निशमध्ये बुडवायची आणि ओव्हनमध्ये वाळवायची. हा ओव्हन मी दहा वर्षं जाता-येता पाहत होते. कपाटाएवढा. बाहेर तापमानाचा काटा. माझ्या डोक्यात तो आला नाही तो नाहीच. चाचांना मी सगळी हकीकत सांगितली तेव्हा ते चष्मा वर सरकवून म्हणाले, “बाय, काजूवाल्याकडे गेलीस नि माझ्याकडे नाय आलीस?”

त्यांनी मोटारींच्या शेजारी माझी सळई ठेवली. तासाभराने काढली. मी अधीरपणे गरम असतानाच वायर सोडवली, आणि ती फर्रकन उलगडून अर्धी सरळ झाली. दुसऱ्या वेळी चाचांनीच सळई उचलून थंड व्हायला आपल्या टेबलाखाली ठेवली. “उद्या ने,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वायर चांगली निघाली, पण घट्ट नव्हती. वेटोळ्यांमध्ये फटी. दिराच्या कागदावर वेटोळी एकमेकांना चिकटलेली होती. मी ती टेबलावर आपटली आणि मावशींना म्हटलं, “घ्या, बांधा पार्सल याचं. नाही पसंत पडली तर पडू दे.”

मावशींनी ती हातात घेऊन वळवून पाहिली. त्यांचे वडील काथ्याचा सुंभ वळायचे. लहानपणी त्याही वळायच्या.

“ताई, ही एकाच बाजूला वळलीय,” त्या म्हणाल्या. “सुंभाला कसं, आधी एकीकडे पीळ द्यायचा नि मग दोन पदर उलट्या बाजूला वळायचे. मग तो सुटत नाही. हिला उलटी वळून बघू काय?”

त्यांनी एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि एकेक वेटोळं उलट्या दिशेला फिरवायला लागल्या. वायर आतल्या बाजूने बाहेर आली म्हणावी तशी झाली. पाच-सहा वेटोळी झाल्यावरच दिसायला लागलं. ती एकमेकांवर गच्च बसत होती. पूर्ण झाल्यावर मी ओढली, सोडली. टपकन परत आली. पुन्हा ओढली, पुन्हा आली. आम्ही दोघी बायका भर कामाच्या वेळी अर्धा तास ती वायर ओढत आणि सोडत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पाठवली. चार दिवसांनी दिराचा मेसेज: “बटणाकडचा सरळ भाग दोन इंच जास्त आहे. परत कर.”

परत केली. मग मेसेज: “आता वेटोळी बारा कमी आहेत.” परत केली. मग: “पॅनलकडचं टोक बाहेर पडतं तिथे वाकतंय, आधार दे.” आधार दिला. तोवर गणपती आले. दीर मात्र आला नाही, काम आहे म्हणाला. आरतीला सासूबाई दाराकडे बघत होत्या, आणि माझ्याकडे त्याचा मेसेज आला होता, वायरीच्या व्यासाबद्दल.

पाचव्यांदा ‘परत कर’ आलं तेव्हा मी व्हिडिओ कॉल लावला.

“अहो भावोजी, तुम्हाला काही कळतं का? दोन इंचांनी काय होतंय? लाटेत आपटणाऱ्या बोटीत आमच्या वायरी चालतात. तुमच्या त्या एवढ्याशा विमानाला काय सोन्याचे दात आहेत?”

तो चिडला नाही. “थांब,” म्हणाला. फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि एक हँडल दाखवलं. माझी पाचवी वायर त्याला लावलेली होती. त्याने हँडल पूर्ण मागे ओढलं, डावीकडे फिरवलं, मग पुढे ढकललं. वायर परत आली, पण मधे थोडी लोंबली. त्या लोंबत्या भागाने खालची एक कळ बरोबर कवेत घेतली. त्याने हँडल पुन्हा ओढलं. ते अर्ध्यात अडकलं.

“आता हे वर आहे असं समज,” तो म्हणाला. “उतरायच्या वेळी. हँडल एवढंच येतंय.”

त्याने तीन बोटांनी हळूच वायर सोडवली.

“हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?” मी विचारलं.

“लिहिलं होतं की. लोंबता कामा नये.”

माणसाशी बोलायचं म्हणजे काय ते काही लोकांना शेवटपर्यंत कळत नाही. पण त्या कॉलनंतर मी दोन रात्री नीट झोपले नाही हे खरं. बोटीतली वायर तुटली तर मासे कमी येतात, फार तर दुसरी बोट ओढून आणते. हे वेगळं होतं. शेडमध्ये बसून मी आणि मावशी करतोय ते शिकायला आलेल्या कुणाच्या तरी मुलीच्या हातापाशी लागणार होतं. मी दिराला लिहिलं की सहावी वायर करते, पण तुमच्या शाळेच्या शिक्क्याचं पत्र पाठवा, की आम्ही ही तपासली आहे आणि आम्हाला चालते. त्याशिवाय देणार नाही.

पत्र येईना. आठवडा गेला. साहेब रजेवर आहेत. दुसरा आठवडा. शिक्का सापडत नाही. तिसऱ्या आठवड्यात मी घरी, सासूबाई शेजारी बसून पावटे सोलत असताना फोन केला, आणि हात खराब म्हणून स्पीकरवर ठेवला.

“भावोजी, शिक्का सापडला?”

तो म्हणाला, “वहिनी, शाळेच्या विमानाला ही चालतच नाही. तिथे कंपनीचाच भाग लागतो, कंपनीच्या कागदासकट. घरी केलेली वायर लावली तर माझी नोकरी जाईल.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. “मग सहा महिने मी काय करतेय?”

“ही आमच्या विमानाची आहे.”

“आमच्या म्हणजे?”

“मी आणि एक मित्र. दोघं मिळून बांधतोय. त्याच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. अकरा वर्षं झाली. दोन सीटचं आहे. आता संपत आलंय.”

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पावट्याचं ताट बाजूला सरकवलं आणि फोनजवळ तोंड नेलं.

“अरे मेल्या,” त्या म्हणाल्या, “घर बांध म्हटलं तर जागा नाही म्हणतोस. विमान बांधायला जागा आहे?”

“आई, तू आहेस काय तिथे?”

“मी इथेच असते. अकरा वर्षं इथेच आहे. तुला सांगायचं सुचलं नाही?”

“सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, पैसे उडवतोयस.”

“ते आताही म्हणतेय,” सासूबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. जाताना डोळे पुसत होत्या की पावट्याचा हात लागला म्हणून चोळत होत्या, मी विचारलं नाही.

मी त्याला काय काय बोलले ते पूर्ण आठवत नाही. अहो-जाहो सुटलं नाही, पण बाकी सगळं सुटलं. ओव्हन, काजू, पावसातला ढीग, चाचांच्या दारात घातलेल्या खेपा, मावशींचे तास. खोटं का बोललात ते सांगा म्हटलं. तो म्हणाला, “खोटं नाही बोललो. विमानाला लागते म्हणालो. कुठल्या, ते तू विचारलं नाहीस.” आणि वाईट म्हणजे, मी आठवून पाहिलं, तर शिक्क्याच्या सबबी सोडल्या तर ते खरं होतं.

सहावी वायर मी केली. का केली ते मलाच सांगता येत नाही. मावशींना सगळं सांगितलं तेव्हा वाटलं होतं त्याही चिडतील. त्या म्हणाल्या, “ताई, घरातलंच विमान आहे म्हणजे तर नीटच करायला पायजे.” आम्ही आकृती समोर ठेवून केली. सळई नवीन आणली. चाचांनी त्या दिवशी ओव्हनमध्ये दुसरं काही ठेवलं नाही. उलटा पीळ मावशींनी एकट्यानेच दिला, मला हात लावू दिला नाही. तीन आठवडे आम्ही ती शेडच्या पत्र्याखाली उन्हाने तापणाऱ्या जागी ताणून, सोडून, टांगून पाहिली. मग मी ठरवलं की ही कुरिअरने जाणार नाही.

सासूबाई म्हणाल्या, “मीही येते.” गुडघे दुखतात म्हणून त्या दोन वर्षं बाजारातही गेल्या नव्हत्या. आंबा घाटात एसटी वळणं घेत होती तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता आणि सगळा वेळ मुलाला नावं ठेवत होत्या.

शेड उसाच्या कडेला होती. दीर बाहेर उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याने आईला नमस्कार केला आणि लगेच माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. विमान आत होतं. मला वाटलं होतं त्याहून लहान आणि त्याहून सुंदर. पांढरं, पंखाच्या कडेला एकच निळी रेघ. अकरा वर्षांत एका माणसाने पंखे-मिक्सर सोडून आणखी काय केलं ते समोर उभं होतं, आणि मी तिथे भांडण करायचं ठरवून आले होते.

त्याने मला वायर स्वतःच्या हाताने लावू दिली. मी सीटवर वाकून दोन्ही टोकं जोडली. तो हँडल मागे ओढी, फिरवी, पुढे ढकली. वीस वेळा, तीस वेळा. वायर लांबली, आली, लांबली, आली. कळीला शिवली नाही. त्याने मोजपट्टी काढून मापं घेतली. मग पट्टी खिशात ठेवली आणि काही बोललाच नाही. माझ्या दिराच्या बाबतीत ती दाद होती, हे मला आता कळतं.

सासूबाईंना आम्ही दोघांनी धरून दुसऱ्या सीटवर बसवलं. त्यांच्या कानाला हेडफोन लावला, दुसरा मला दिला. दीर म्हणाला, “बटण दाबून बोल.” त्यांनी बटण दाबलं, आणि माझ्या कानात त्यांचा आवाज अगदी जवळून आला. “जेवलास का रे?” त्या म्हणाल्या. तो शेजारीच बसला होता.

नंतर विमान तपासणारे सरकारी साहेब येऊन गेले, कागद इकडून तिकडे फिरले, दोनदा परत आले. त्या काळात दिराने मला फोन केला नाही. मीही केला नाही. जानेवारीत एका सकाळी मी शेड उघडत होते तेव्हा त्याचा फोन आला.

“वहिनी, वायर उन्हात थोडी सैल पडते. अर्धं वेटोळं.”

“अहो, उन्हात कशाला ठेवलंत विमान?”

“उतरल्यावर बाहेरच उभं होतं.”

“उतरल्यावर म्हणजे? उडालं?”

“हो, उडालं की. काल. एका अनुभवी पायलटने नेलं, मी खालीच होतो. अकरा मिनिटं वर होतं. वायर काही अडकली नाही. पण ते अर्धं वेटोळं बघ.”

मी कुलूप हातात धरून तशीच उभी राहिले. आधी वायर आणि मग विमान उडाल्याची बातमी. या माणसाचं काय करावं? मावशी मागे येऊन थांबल्या होत्या. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या हातातून कुलूप घेतलं, पिशवीत टाकलं, आणि म्हणाल्या, “घरी जा आधी. आईंना सांगा. शेड मी बघते.”

मी घरी गेले. सासूबाई ओट्यापाशी होत्या. सांगितल्यावर त्यांनी गॅस बंद केला, खुर्चीवर बसल्या आणि पहिलं विचारलं, “किती उंच गेलं गो?”

ते मी विचारलं नव्हतं. मला पुन्हा त्याला फोन करावा लागला.